फिंगर लेक्सची वाईन: सरोवर, उतार, माती आणि थंडी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात मराठी पाहुणे बरेच येतात. कुणाचा मुलगा कॉर्नेलला शिकत असतो, कुणी नायगाऱ्याच्या वाटेवर एक मुक्काम करतं. त्यातले नाशिक-सांगलीकडचे पाहुणे ग्लास हातात घेण्याआधी वेलीपाशी जातात. छाटणी कधी करता, पाणी किती देता, जमीन कसली, असं विचारत सुटतात. खालचे प्रश्न बहुतेक त्यांचेच आहेत.

हा भाग नेमका कुठे येतो आणि ही सरोवरं अशी लांबट का?

न्यूयॉर्क शहरातून गाडीने वायव्येला चार-पाच तासांवर. उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा अरुंद सरोवरं इथे शेजारी शेजारी आहेत. हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर उत्तरेकडून सरकत आले, जुन्या नद्यांच्या दऱ्या त्यांनी खरवडून खोल केल्या आणि बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत पाणी साठलं. वाईनच्या दृष्टीने तीन सरोवरं महत्त्वाची: सेनेका, कायुगा आणि क्युका. सेनेका सुमारे ६१ किलोमीटर लांब, पण रुंदीला पाच किलोमीटरही भरत नाही. त्याची खोली मात्र १८८ मीटर. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३६ मीटरवर असल्याने सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. ही खोली लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत.

हिवाळ्यात पारा उणे वीसवर जातो म्हणतात. मग द्राक्षवेल जगते कशी?

वेल झोपते म्हणून जगते. नाशिककडे वेलीला खरी सुप्तावस्था मिळतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून आपण तिला हवं तसं वळवतो. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळतात, काडी तपकिरी होऊन पिकते, डोळ्यांतलं, म्हणजे पुढच्या फुटीच्या कळ्यांतलं, पाणी कमी होतं आणि वेल हळूहळू कणखर होत जाते. ऐन जानेवारीत रीसलिंगचा, म्हणजे पांढऱ्या वाईनच्या इथल्या मुख्य युरोपीय जातीचा, डोळा साधारण उणे बावीस अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो. कॉनकॉर्डसारखी अमेरिकी जात त्याहून बरीच जास्त थंडी सोसते.

खरी गोम ‘हळूहळू’ या शब्दात आहे. जी थंडी वेल जानेवारीत सहज पचवते, तीच नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये अचानक आली तर डोळे मरतात. १९८० च्या नाताळाच्या दिवशी पारा असाच एकाएकी कोसळला आणि या भागातल्या बागांचं अतोनात नुकसान झालं. जुने बागायतदार त्या दिवसाला अजून ‘नाताळचं हत्याकांड’ म्हणतात.

म्हणजे सरोवर बागांना ऊब देतं, एवढंच ना?

माहितीपत्रकांत असंच लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. सरोवराचं मोठं काम उशीर करण्याचं आहे.

पाणी तापायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते आणि थंड व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. मार्च-एप्रिलमध्ये उन्हं वाढतात, जमीन तापू लागते, पण सरोवराचं पाणी तेव्हा चार-पाच अंशांवर असतं. त्यावरून येणारा वारा काठच्या बागा गार ठेवतो आणि डोळे फुटायला उशीर लावतो. ऐकायला हा तोटा वाटतो. पण फूट लवकर आली असती तर मेच्या सुरुवातीच्या गोठवणाऱ्या रात्रींनी ती करपवली असती. काठावरची वेल त्या रात्री झोपेतच काढते.

शरदात उलटं होतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी ऑक्टोबरात हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे पहिली गोठवणारी रात्र लांबते आणि पानं हिरवी राहतात. रीसलिंगला साखर भरायला हेच शेवटचे दोन-तीन आठवडे मिळावे लागतात. वरच्या पठारावर हे आठवडे मिळत नाहीत.

ऊब म्हणाल तर ती कडाक्याच्या हिवाळ्यात कामी येते. सेनेका इतकं खोल आहे की ते पूर्ण गोठण्याची वेळ फार क्वचित येते. उघडं पाणी रात्रभर थोडी थोडी उष्णता सोडत राहतं आणि काठावरचं तापमान वरच्या रानापेक्षा काही अंशांनी जास्त राहतं. डोळा जगणार की मरणार हे कधीकधी त्या दोन-तीन अंशांवर ठरतं.

मग सगळ्या सरोवरांच्या काठी सारखाच फायदा मिळतो का?

नाही. सेनेका आणि कायुगा (खोली १३२ मीटर) ही दोन खोल सरोवरं, त्यांचा प्रभाव मोठा. अकरा सरोवरांतलं जवळपास निम्मं पाणी एकट्या सेनेकात आहे. क्युका इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं, खोली सुमारे ५७ मीटर. ते जास्त वेळा गोठतं, आणि एकदा वर बर्फाचं झाकण बसलं की खालच्या पाण्याची ऊब बागेपर्यंत पोचत नाही. शिवाय क्युकाची पातळीही समुद्रसपाटीपासून सुमारे २१८ मीटर, म्हणजे सेनेकापेक्षा बरीच उंच. तरीही या भागातला व्यापारी वाईनधंदा क्युकाच्याच दक्षिण टोकाला, हॅमंड्सपोर्टच्या आसपास, १८६० मध्ये उभा राहिला, कारण तेव्हा लावलेल्या अमेरिकी जाती कणखर होत्या.

कायुगा सगळ्यांत सखल, त्यामुळे तिथे हंगाम थोडा उबदार. संपूर्ण फिंगर लेक्सला अधिकृत द्राक्षक्षेत्र म्हणून मान्यता १९८२ मध्ये मिळाली, कायुगाला स्वतंत्रपणे १९८८ मध्ये आणि सेनेकाला २००३ मध्ये.

काठावर कुठेही बाग लावली तर चालते का?

गाडीतून जाताना खिडकीबाहेर पाहिलंत तर उत्तर मिळेल. पाण्याजवळच्या उतारावर वेली, त्यावर फळबागा, आणि रस्ता चढून माथ्यावर आलात की मका, सोयाबीन आणि गाई. कुणी फलक लावलेला नाही, पण हद्द बरीच स्पष्ट दिसते. सरोवराचा प्रभाव साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या पट्ट्यात जाणवतो. त्यापलीकडे पठाराचं हवामान सुरू होतं.

दुसरी गोष्ट उताराची. थंड हवा जड असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते. वाट मोकळी असेल तर सरोवरावर जाऊन पडते आणि तिथे थोडी तापते. वाटेत झाडांची दाट रांग, रस्त्याचा भराव किंवा नुसता खोलगट भाग आला की ती तिथेच तुंबते. एकाच बागेत वरच्या ओळी सुखरूप आणि खळग्यातल्या पंधरा-वीस वेली काळ्या पडलेल्या, असं दृश्य इथे नवीन नाही. म्हणूनच बागेच्या खालच्या अंगाची झाडी मुद्दाम विरळ ठेवतात.

तिसरी गोष्ट दिशेची. इथे वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो, म्हणजे सरोवर ओलांडून पूर्व काठावर पोचतो, तोवर पाण्याची ऊब घेऊन. पूर्व काठाचा उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्याने दुपारचं कडक ऊनही त्यालाच मिळतं. सेनेकाचा आग्नेय काठ, हेक्टर गावाभोवतीचा, यामुळे इतका उबदार राहतो की लोक त्याला थट्टेने ‘केळीचा पट्टा’ म्हणतात. केळी अर्थातच येत नाहीत. पण लाल वाईनची द्राक्षं तिथे जास्त भरवशाने पिकतात. पश्चिम काठाला सकाळचं ऊन मिळतं. तिथे दव लवकर वाळतं, फळ जरा सावकाश पिकतं, आणि माझ्या मते या भागातल्या सर्वांत धारदार रीसलिंग त्याच बाजूला होतात. पूर्वेचे लोक हे मान्य करणार नाहीत.

हिवाळ्यात डोळे मेले की जगले हे कसं कळतं?

बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून छाटणीच्या आधी बागेतून काड्या तोडून आणतात, एक-दोन दिवस घरातल्या उबेत ठेवतात आणि मग ब्लेडने एकेक डोळा आडवा कापून पाहतात. एका डोळ्यात तीन कोंब असतात: मधला मुख्य आणि बाजूला दोन राखीव. काप हिरवा दिसला तर जिवंत, तपकिरी दिसला तर मेलेला. शंभर डोळ्यांत मुख्य कोंब किती गेले ते मोजायचं आणि तेवढे जास्त डोळे काडीवर राखायचे. वीस टक्के गेले असतील तर छाटणी थोडी सैल, निम्मे गेले असतील तर जवळजवळ छाटणीच नाही.

नाशिकचे लोक हे ऐकून हसतात, कारण गोडी छाटणीआधी तेही काड्या तपासायला देतात. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यात घड आहे का ते पाहतात, इथे जीव आहे का ते पाहतात.

राखीव कोंबातून फूट येते, पण घड कमी आणि लहान. पीक घटतं, वेल मात्र वाचते.

वेलीला थंडीपासून वाचवायला आणखी काय करतात?

सगळ्यांत महत्त्वाचं काम मातीचं. इथल्या युरोपीय जाती अमेरिकी खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळाकडच्या भागावर, कलम केलेल्या असतात. आपल्याकडे डॉगरिजवर थॉम्पसन किंवा सोनाका बांधतात तसंच, फक्त इथे खुंट निवडायचं मूळ कारण फायलोक्सेरा नावाची मुळांवरची कीड. कलमाचा जोड मेला तर वर उरलेलं सगळं व्यर्थ, खालून जंगली खुंट फुटतो. म्हणून शरदात नांगराने ओळीच्या दोन्ही बाजूंनी माती ओढून जोडावर भर घालतात, उसाला घालतो तशी. वसंतात ती पुन्हा काढावी लागते, नाहीतर जोडाच्या वरून मुळं फुटतात. हे दरवर्षीचं काम आहे, आणि उतारावर नांगर चालवायचा म्हणजे माती वाहून जाण्याची धास्ती असतेच.

शिवाय एका वेलीला दोन-तीन खोडं ठेवतात. एक गेलं तर दुसऱ्यावर पीक घेता येतं. जाडजूड म्हाताऱ्या खोडांची देखणी बाग बघायची असेल तर इथे निराशा होईल. खोड फाटलं, काढलं, नवीन चढवलं, हा इथला नित्यक्रम आहे. बर्फ पडला तर उलट बरंच, बर्फाच्या थराखाली मुळं सुरक्षित राहतात. कोरडी थंडी वाईट.

आणि फूट आल्यावर थंडी आली तर?

मग सरोवरही पुरं पडत नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे तसंच झालं. कोंब तोवर चांगले हातभर नाही तरी बोटभर वाढलेले होते आणि एका रात्रीत पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला. पाण्यापासून दूरच्या आणि उंचावरच्या बागा सर्वांत जास्त होरपळल्या, काठाजवळच्या बऱ्याचशा बचावल्या. काही जण बागेत खांबावरचे मोठे पंखे लावतात. अशा रात्री जमिनीलगत गार आणि वर थोडी उबदार हवा असते, ती पंख्याने खाली ढकलता येते. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक चालू करतात. उपाय निराळे, जागरण तेच. फरक इतकाच की निफाडच्या थंडीत मणी तडकतात, इथे अख्खा कोंबच जातो.

जमीन कसली आहे? काळी की मुरमाड?

काळी नाही. हिमनदीने खरवडून आणलेला गाळ, वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचा मिश्र थर, आणि त्याखाली शेल खडक. शेल म्हणजे प्राचीन समुद्रतळाच्या चिखलाचा दगड झालेला, पातळ पापुद्र्यांनी सुटणारा. दरीच्या कडेला ओढ्याने कापलेल्या भिंतीत हे पापुद्रे एकावर एक रचलेले दिसतात, हाताने ओढले तर पाटीसारखे सुटून येतात. दक्षिणेकडे माती पातळ आणि आम्लधर्मी, तिथे लागवडीआधी चुना टाकावा लागतो. उत्तरेकडे खाली चुनखडक आहे, तिथली माती खोल आणि चुनायुक्त. हनीऑय नावाची तिथली गाळवट माती न्यूयॉर्कची राज्यमाती मानली जाते. राज्यपक्षी, राज्यफूल ऐकलं होतं, राज्यमाती इथेच भेटली.

पण बागायतदाराला विचाराल तर तो खडकाबद्दल कमी आणि निचऱ्याबद्दल जास्त बोलेल. वर्षाला ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस, आणि तोही चार महिन्यांत न पडता बारा महिने वाटून. बहुतेक बागांना ठिबक लागतच नाही. प्रश्न पाणी काढायचा असतो. खाली चिकणमातीचा घट्ट थर असेल तर मुळं पाण्यात उभी राहतात, आणि ओल्या पायाची वेल हिवाळ्यात लवकर मरते. त्यामुळे लागवडीपूर्वी साधारण मीटरभर खोलीवर छिद्रांचे प्लास्टिक पाइप उताराच्या दिशेने पुरतात. ओळींच्या मध्ये गवत राखतात, तेही जास्तीचं पाणी आणि नत्र ओढून घेण्यासाठी. भारी जमिनीत वेल माजते, पानांचा पसारा वाढतो, घड सावलीत जातो आणि इथल्या थोड्या उन्हात सावलीतलं फळ पिकत नाही.

शेल खडकाची चव वाईनमध्ये उतरते म्हणतात, खरं का?

टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वायनरीतल्या वाईन चाखायच्या खोलीत, हे वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. वेल मुळांतून पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेते हे खरं, पण ती क्षारांची मात्रा इतकी थोडी असते की दगडाची चव म्हणून जिभेला कळणं शक्य नाही. खडकाला तसा वासही नसतो. ओल्या दगडाची जी जाणीव होते, तिच्यामागे जास्त आम्ल, कमी फळाळपणा आणि आंबवण्यात तयार होणारी काही गंधकयुक्त संयुगं असण्याची शक्यता जास्त.

याच न्यायाने पाहा: सेनेका आणि कायुगाच्या खाली मिठाचे जाड थर आहेत, कायुगाखाली तर मिठाची खाण चालते. वाईन खारट लागते असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शेलचा उपयोग आहे, पण वेगळ्या मार्गाने. भेगाळ खडकातून पाणी झरझर उतरतं, मुळं खोल जातात, गडद तुकडे दुपारी तापतात, माती हलकी असल्याने वेल माजत नाही. यातून मणी लहान आणि फळ एकसारखं पिकलेलं मिळतं. माती चव घालत नाही, वेलीचा वेग ठरवते.

रीसलिंगच एवढी का लावतात?

कारण तिला या जागेचे तिन्ही गुण चालतात. तिचं लाकूड कणखर, म्हणून हिवाळा निभावते. ती उशिरा फुटते, म्हणून वसंतातल्या गोठणाऱ्या रात्री बऱ्याचदा चुकवते. आणि ती सावकाश पिकते, म्हणून सरोवराने लांबवलेला शरद तिच्या कामी येतो. तोडणी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर संपेपर्यंत चालते. साखर साधारण १८ ते २१ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप). आपल्याकडे एवढ्या ब्रिक्सला खाण्याची द्राक्षं गोड म्हणून उचलतात, पण इथे तेवढ्या साखरेबरोबर आम्लही तगडं असतं.

शार्दोने, गेवुर्त्सत्रामिनर, पिनो न्वार, कॅबर्ने फ्रँक, ब्लाउफ्रँकिश याही जाती आहेत. जॉर्जियाची सापेरावी अलीकडे काही जणांनी लावली आहे. इथल्याच जिनिव्हा गावातल्या संशोधन केंद्राने १९७२ मध्ये प्रसारित केलेली कायुगा व्हाइट ही संकरित जात आजही टिकून आहे. पण या भागाला जगात नाव मिळवून दिलं ते रीसलिंगनेच.

इथली वाईन इतकी आंबट का लागते?

द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक, जे चिंचेत असतं, आणि मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असतं. टार्टारिक उष्णतेत फारसं घटत नाही. मॅलिक मात्र मणी पिकताना वेल स्वतःच जाळते, आणि हवा जितकी गरम तितकं ते लवकर संपतं. नाशिकला फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ते भराभर उतरतं. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार रात्रींत ते शिल्लक राहतं. तयार रीसलिंगमध्ये एकूण आम्ल लिटरला साधारण ७ ते ९ ग्रॅम आणि सामू (पीएच) तीनच्या आसपास, अल्कोहोल बहुधा ११ ते १२.५ टक्के.

मग गोड रीसलिंगही का मिळते? ती साखर वरून घालतात का?

बहुतेकदा ती द्राक्षाचीच उरलेली साखर असते. आंबवणं मध्येच थांबवलं, टाकी एकदम थंड केली, की थोडी साखर तशीच राहते. आम्ल इतकं असतं की लिटरमागे वीसेक ग्रॅम साखरही चिकट वाटत नाही, तोल साधते. बाटलीच्या मागे बऱ्याचदा कोरडी ते गोड अशी एक पट्टी छापलेली असते. ती निव्वळ साखर मोजत नाही, साखर आणि आम्ल यांचं प्रमाण पाहते. म्हणून दुकानात पुढच्या देखण्या लेबलाआधी मागची पट्टी वाचा.

आंबवण्याआधी रसात साखर घालायला न्यूयॉर्कमध्ये परवानगी आहे आणि वाईट वर्षी ती वापरलीही जाते. ती साखर अल्कोहोल वाढवण्यासाठी असते, गोडीसाठी नाही.

रॉकेलचा वास येतो, बाटली खराब आहे का?

नाही. रीसलिंगमध्ये जुनी होताना हा वास येतोच. घडावर ऊन जास्त पडलं असेल तर जास्त येतो, म्हणून गरम प्रदेशांतल्या रीसलिंगमध्ये तो लवकर उमटतो. इथे सहसा काही वर्षांनी, तोही मंद. आवडणारे त्यासाठीच बाटली ठेवून देतात.

लाल वाईन चांगली होते का?

कॅबर्ने फ्रँक हो, पण जागा आणि वर्ष पाहून. ही जात न पिकता तोडली तर ढोबळी मिरचीचा वास मारते. तो देणारं पायराझिन नावाचं संयुग ऊन आणि ऊब मिळाली तरच घटतं. म्हणून घडाभोवतीची पानं वेळेवर काढावी लागतात. चांगल्या वर्षी हलकी, लालसर फळांची, जेवणाबरोबर जाणारी वाईन होते. नाशिकच्या शिराझची जाडी इथे शोधू नका.

सुरुवातीला इथे कुठली द्राक्षं होती?

कॉनकॉर्ड, कटॉबा, डेलावेअर, नायगारा. या अमेरिकी जातींना एक विशिष्ट उग्र गोड वास असतो. आपल्याकडे बंगळुरू ब्लूची काळी द्राक्षं खाल्ली असतील तर तो वास ओळखीचा आहे, ती त्याच घराण्यातली. शंभर वर्षं लोकांना ठाम वाटत होतं की युरोपीय जाती इथे तगणारच नाहीत.

ते खोडलं कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी. युक्रेनमध्ये थंड प्रदेशातल्या द्राक्षशेतीवर काम केलेला हा माणूस १९५१ मध्ये पन्नाशी ओलांडून अमेरिकेत आला. त्यांचं म्हणणं होतं की दोष थंडीत नाही, खुंटात आहे. लवकर पिकणारा खुंट दिला तर वरचं लाकूडही वेळेत पिकेल आणि हिवाळा सोसेल. संशोधन केंद्रात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातून आलेले वाईन करणारे चार्ल्स फोर्निए यांनी घेतलं आणि फ्रँक यांना कामावर ठेवलं. १९६२ मध्ये फ्रँक यांनी क्युकाकाठी स्वतःची वायनरी काढली. पुढे जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याचे हर्मन वीमर सेनेकाच्या पश्चिम काठावर आले आणि शेलचा उतार पाहून त्यांनी रीसलिंग लावली.

१९७६ चा कायदाही तितकाच महत्त्वाचा. त्याने छोट्या बागायतदारांना स्वतःची वाईन करून थेट गिऱ्हाइकाला विकणं परवडेल असं केलं. तोवर द्राक्षं मोठ्या कंपन्यांना जात आणि चांगल्या-वाईट सगळ्या उतारांचा माल एकाच टाकीत पडे. जागेला चव असते हे कळायला आधी प्रत्येक जागेची वाईन वेगळी भरली जावी लागते.

गंगापूर धरणाच्या काठच्या वाईनरींनाही असाच फायदा मिळतो का?

देखावा सुंदर मिळतो. हवामानाचा फायदा फार थोडा. धरण तुलनेने उथळ, उन्हाळ्यात पातळी उतरते, आणि मुख्य म्हणजे तिथे हिवाळ्यात वेल मरण्याचा धोकाच नाही. नाशिकची जमेची बाजू निराळी: वीस अंश अक्षांशावर असूनही सुमारे सहाशे मीटर उंची, आणि डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री. पावसाळा टाळून हिवाळ्यात फळ पिकवायचं ही तिथली युक्ती. फिंगर लेक्स साडेबेचाळीस अंशांवर, जूनमध्ये सव्वापंधरा तासांचा दिवस, तरी हंगाम आखूड. नाशिकला आम्ल टिकवायची धडपड, इथे साखर भरवायची.

दरवर्षी चव एवढी का बदलते?

कारण इथे सरासरी वर्ष असं काही नसतंच. २०१६ कोरडं गेलं, मणी लहान राहिले, वाईन दाट झाली. २०१८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पाऊस थांबेना, घड कुजू लागले, चांगल्या वायनरींनी तोडणीत निर्दयपणे सडका माल काढला. रीसलिंगचा घड घट्ट असतो, एक मणी फुटला की राखाडी बुरशी शेजाऱ्यांना धरते. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग इथेही आहेत, औषधाच्या फवारण्या चुकत नाहीत. लेबलवरचं वर्ष बघून घेतलेली बाटली इथे खरंच उपयोगी पडते.

हवामान तापतंय, म्हणजे या भागाचं भलंच होणार?

लगेच हो म्हणू नका. हिवाळे सौम्य झाले तर डोळे लवकर फुटतात आणि मेमधल्या थंडीच्या तावडीत सापडतात. उबदार जानेवारीनंतर फेब्रुवारीत ध्रुवीय लाट आली तर वेल बेसावध असते. पाऊसही धो-धो पडू लागलाय. लाल जातींना थोडा फायदा होईल. पण सरोवराची उशीर लावण्याची ताकद पुरी पडेल का, हा इथल्या बागायतदारांपुढचा खरा प्रश्न आहे.

आपल्या जेवणाबरोबर काय घ्यावं?

तळलेल्या सुरमईबरोबर कोरडी रीसलिंग. तिखट रश्श्याबरोबर किंचित गोड, कारण अल्कोहोल कमी असल्याने तिखट जास्त भडकत नाही. पुरणपोळीबरोबर काहीही नको, तूपच बरं.

बघायला कधी यावं?

सप्टेंबर-ऑक्टोबर सगळेच सांगतील, पण तेव्हा गर्दी असते आणि बागायतदाराला बोलायला वेळ नसतो. वेलीत रस असेल तर मार्चच्या शेवटी या. छाटणी चालू असते, पानं नसल्याने उतार आणि खळगे स्पष्ट दिसतात, आणि टेस्टिंग रूममध्ये निवांत बोलणारं कुणीतरी भेटतं. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. गाडी चालवणारा एक जण आधीच ठरवा, कारण सेनेकाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला मध्ये पूल नाही, टोकाला वळसा घालूनच जावं लागतं. पहिल्या दिवशी एक काठ, दुसऱ्या दिवशी दुसरा, असं करा. दोन्हीकडे कोरडी रीसलिंगच मागा, आणि जमल्यास एकाच वर्षाची.